पोलारिमीटरवर अल्फा-बीटाचा वाटा काढताय? या चुका टाळा

ग्लुकोजची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात आणि पाण्यात ती एकमेकांत बदलत राहतात. द्रावण ध्रुवित प्रकाश किती अंश वळवतं हे पोलारिमीटर मोजतो, त्यावरून दोघांचा वाटा काढायचा. प्रॅक्टिकलच्या वह्यांत एक उत्तर हमखास भेटतं: अल्फा ग्लुकोज ३१ टक्के. आधी खरा हिशोब बघू. शुद्ध अल्फाचं स्पेसिफिक रोटेशन (सूत्र: यंत्रावरचे अंश भागिले नळीची लांबी गुणिले दर मिलीतले ग्रॅम) +११२.२, बीटाचं +१८.७, पाण्यात समतोल आल्यावर, म्हणजे दोघांचं प्रमाण स्थिरावल्यावर, +५२.७. ५२.७ मधून १८.७ वजा करा, उरलेल्या ३४ ला ९३.५ ने (अल्फा आणि बीटामधल्या फरकाने) भागा. अल्फा ३६.४ टक्के, बाकी बीटा.

मग ३१ कुठून आले? बाटलीवर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. त्याच्या १९८ ग्रॅममध्ये ग्लुकोज १८० ग्रॅमच, उरलेलं पाणी. ५ ग्रॅम तोललं तरी ग्लुकोज साडेचार ग्रॅमच्या आसपास जातं. हिशोबात मात्र ५ च धरले की रोटेशन ४७.९ निघतं, वाटा ३१.२ टक्के. चुकलेलं उत्तर इतकं पटण्यासारखं दिसतं की कुणी परत तपासत नाही.

दुसरी चूक खास आपल्या सोलापूरकडची. साखर कारखाना जवळ, लॅबमध्ये ओळखीचं कुणीतरी, म्हणून रीडिंग तिथून आणलं जातं. पण तिथलं यंत्र बहुधा साखरेच्या स्केलवर चालतं. त्यावरचे १०० म्हणजे साधारण ३४.६ अंश. १०० मिलीत ५ ग्रॅम ग्लुकोज आणि २० सेंमीची नळी (सूत्रात २, कारण लांबी डेसिमीटरमध्ये) घेतली, तर अंशांत ५.२७ यायला हवेत, तिथे १५.२ दिसतात. तेच सूत्रात घातले की अल्फा १४० टक्क्यांवर! निदान ही चूक लपत तरी नाही.

घाई करू नका. ताज्या द्रावणाचं रीडिंग तासन्‌तास सरकत राहतं. रात्रभर ठेवा, नाहीतर विरळ अमोनियाचा एखादा थेंब टाका. कॉस्टिक सोडा मात्र नको. त्यात ग्लुकोजचंच थोडं फ्रुक्टोज आणि मॅनोज (दुसऱ्या साध्या शर्करा) होतं, आणि रीडिंग स्थिरावत नाही. मे महिन्यात लॅब चाळिशीला टेकते, तेव्हा वहीत तापमानही लिहा. वरचे आकडे २० अंशांचे आहेत.

मॅनोजला चिन्ह सांभाळा. अल्फा +२९.३, बीटा −१७, समतोल +१४.२, म्हणजे अल्फा सुमारे ६७ टक्के. उणे चिन्ह विसरलात तर वाटाच उणे येईल.

फ्रुक्टोजला हे सूत्र लावूच नका. पाण्यात त्याच्या सहा आणि पाच अणूंच्या, दोन्ही प्रकारच्या कड्या असतात. एका रीडिंगमधून इतक्या जणांचा वाटा निघत नाही.