पावलं मोजणारं अ‍ॅप: आधी शंभर पावलं स्वतः मोजा

कुठलं अ‍ॅप चांगलं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. अ‍ॅप टाकल्यानंतर काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि गाडी अडते ती तिथेच. साधं, फुकट, जाहिराती कमी असलेलं कुठलंही अ‍ॅप चालेल. आयफोनवाल्यांना तेवढंही करावं लागत नाही. 'हेल्थ' अ‍ॅप फोनमध्ये असतंच. सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली 'मोशन अँड फिटनेस' चालू आहे ना एवढं बघा आणि थेट खिशाच्या भागाकडे या.

अँड्रॉइडवर अ‍ॅप उघडलं की ते परवानग्या मागतं. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, पावलं मोजायला 'फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी' ही वेगळी परवानगी लागते. ती द्या. नोटिफिकेशनचीही द्या, कारण वर दिसणारी ती कायमची पट्टीच बऱ्याच अ‍ॅपना जागं ठेवते. लोकेशन चाललेला रस्ता नकाशावर हवा असेल तरच द्या. पावलं मोजायला तुम्ही कुठे आहात हे फोनला कळावं लागत नाही. आतला अ‍ॅक्सेलरोमीटर हिसके टिपतो आणि त्यात चालण्याचा ठेका सापडला की पाऊल मोजलं जातं. कॉन्टॅक्ट मागणारं अ‍ॅप तिथल्या तिथे काढून टाका. पावलांचा आणि तुमच्या मावसभावाच्या नंबराचा काय संबंध?

उंची, वजन भरा. झालं.

आता खरी डोकेदुखी. मी पहिल्यांदा हे सुरू केलं तेव्हा सकाळी तासभर चालून आलो की अ‍ॅप कधी ९०० पावलं दाखवायचं, कधी चार हजार. अ‍ॅप वाईट म्हणून काढलं, दुसरं टाकलं, मग तिसरं. तिन्हींची तीच तऱ्हा. दोन आठवडे मी अ‍ॅपना शिव्या घालत होतो आणि दोष होता फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगचा. स्क्रीन बंद झाली, फोन खिशात गेला, की थोड्या वेळाने फोनच अ‍ॅपचा गळा दाबत होता. म्हणून 'दुसरं अ‍ॅप टाकून बघा' हा सल्ला कुणी दिला की माझं डोकं फिरतं.

सेटिंगमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जा, आपलं अ‍ॅप उघडा, 'बॅटरी'वर टॅप करा. तिथे बहुतेक फोनवर तीन पर्याय असतात. 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. मधला 'ऑप्टिमाइज्ड' दिसायला समंजस वाटतो, पण माझा घात त्यानेच केला होता. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचं आणखी एक बटण दुसऱ्याच कोपऱ्यात दडवलेलं असतं. ते चालू नसेल तर फोन रीस्टार्ट केल्यावर अ‍ॅप आपणहून उठत नाही. सापडत नसेल तर सेटिंगच्या सर्चमध्ये नाव टाका, उगाच मेनू खणत बसू नका. अ‍ॅपच्या मुख्य पानावर, जिथून 'बॅटरी' उघडलं तिथे, वापरात नसलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून घेण्याचंही एक बटण असतं. ते बंद करा. नाहीतर काही महिने अ‍ॅप उघडलं नाही की फोन गुपचूप परवानगी परत घेतो आणि आकडा शून्यावर बसतो.

एक सवयही सोडावी लागते. दर तासाला अलीकडच्या अ‍ॅपची यादी उघडून सगळं वर सरकवून 'साफ' करणारे लोक असतात. मीही त्यातलाच. काही फोनवर असं सरकवलं की अ‍ॅप पूर्ण मरतं. त्या यादीत अ‍ॅपला कुलूप लावायची सोय असेल तर लावा. आणि 'फोन क्लीनर' म्हणून मिरवणारं काही टाकलं असेल, तर दोघांपैकी एकालाच ठेवा.

बिघाड कुठला आहे हे आकड्यावरूनही कळतं. बराच वेळ आकडा हलत नाही आणि अ‍ॅप उघडलं की एकदम दोन हजारांनी उडी मारतो? मग अ‍ॅप नुसतं डुलकी घेत होतं. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये पावलं मोजायचं काम एक वेगळी, कमी वीज खाणारी चिप करते आणि अ‍ॅप जागं झालं की साठलेला हिशेब त्याच्या हवाली करते. त्यात नुकसान नाही. फक्त मध्यरात्र उलटून गेली तर कालची पावलं आजच्या खात्यात पडू शकतात. पण उडी मारत नाही आणि मधली पावलं गायबच होतात, तेव्हा समजा की अ‍ॅप मारलं गेलंय. पुन्हा बॅटरीच्या पानावर जा.

मग परीक्षा. फोन नेहमीच्या जागी ठेवा, आकडा लक्षात ठेवा, सरळ रस्त्यावर तोंडाने मोजत शंभर पावलं चाला. थांबून दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, आकडा थोडा मागून येतो. ९५ ते १०५ वाढले तर समाधान माना. खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकून 'मोजतच नाही' म्हणणाऱ्यांची मला कीव येते. सलग ठेका मिळाल्याशिवाय अ‍ॅप मोजणार नाही, आणि नाही मोजत तेच बरं. नाहीतर फोन उचलला तरी पाऊल धरलं गेलं असतं.

फोन कुठे ठेवायचा? पँटच्या पुढच्या खिशात. ढगळ खिशात तो डुचमळतो. खांद्यावरच्या पर्समध्ये हिसके मंदावतात. सगळ्यात वाईट म्हणजे बाबागाडी किंवा ट्रॉली ढकलताना फोन हातात धरणं: पाय चालतात, हात गप्प, आकडाही गप्प. जागा कुठलीही असो, रोज एकच ठेवा. घरात फोन चार्जिंगला लावून तुम्ही फिरता ती पावलं कुठेच जमा होत नाहीत, हेही मान्य करून टाका. घड्याळ किंवा बँड वापरत असाल, तर एकाच चालण्याची नोंद दोनदा होत नाहीये ना ते पाहा.

अ‍ॅप १०,००० चं लक्ष्य आधीच भरून देतं. ते पुसा. हा आकडा कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये कमरेला लावायचं एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक', तिथून तो चिकटला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, दिवसाला सुमारे ७,५०० पावलांपुढे मृत्यूचा धोका आणखी घटताना दिसला नाही. पहिला आठवडा लक्ष्याशिवाय नेहमीसारखं चाला, रोजची सरासरी काढा आणि तिच्यात हजारभर मिळवा.

किलोमीटरवर मात्र फार विसंबू नका. लोकेशन बंद असताना अ‍ॅप उंचीवरून तुमच्या ढांगेचा अंदाज बांधतं आणि गुणाकार करतं. बरोबर हवं असेल तर वीस पावलं चाला, अंतर टेपने मोजा, वीसने भागा आणि तो आकडा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये भरा. काही अ‍ॅपमध्ये ती जागाच नसते. तिथे किलोमीटरचा रकाना सोडून द्या आणि पावलंच बघा.