ईपीएबीएक्समध्ये नवं कार्ड: बसवणं आणि प्रोग्रामिंग

छोट्या ऑफिसांत आणि दवाखान्यांत पॅनासॉनिकचा केएक्स-टीईएस ८२४ हा ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्सचेंज, अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे. मूळ बॉक्सवर ३ सीओ लाइन (टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या बाहेरच्या लाइन) आणि ८ एक्स्टेंशन (आतले फोन) असतात. आत जादा पोर्टांची कार्डं घालून ८ लाइन आणि २४ एक्स्टेंशनपर्यंत वाढवता येतं. कार्ड बसवायला फार वेळ लागत नाही. नंतर तक्रारी येतात त्या बहुतेक प्रोग्रामिंग अर्धवट सोडल्यामुळे.

आधी कार्ड नीट निवडा. ८२४८३ कार्डावर ३ लाइन आणि ८ हायब्रिड एक्स्टेंशन मिळतात. हायब्रिड म्हणजे त्या पोर्टवर की फोनही (जास्तीची बटणं असलेला, एक्सचेंजसोबतचा खास फोन) चालतो आणि साधाही. ८२४८० वर २ लाइन आणि ८ एक्स्टेंशन, पण ती फक्त साध्या फोनसाठी. ८२४७४ वर नुसती ८ साधी एक्स्टेंशन. पूर्ण क्षमता हवी तर ८२४८३ आणि ८२४८० ही जोडी लागते. कॉलरचा नंबर दिसायला हवा असेल तर ८२४९४ हे कार्ड वेगळं घ्यावं लागतं, आणि एक कार्ड तीनच लाइन सांभाळतं.

उघडण्यापूर्वी मेंटेनन्स कन्सोल सॉफ्टवेअरने सध्याच्या सेटिंगचा बॅकअप घ्या. मग स्विच बंद करून पॉवर कॉर्ड काढा आणि सीओ लाइनही काढून ठेवा. हे लोक हमखास विसरतात. लाइनवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, पण रिंग आली की ७५ ते ९० व्होल्ट एसी. बोटाला चांगलाच झटका बसतो. अर्थिंगची वायर मात्र काढू नका. चेसिसच्या धातूला हात लावून मगच कार्ड पिशवीतून काढा, कडेला धरा, सोनेरी पिनांना स्पर्श नको. कनेक्टर सरळ रेषेत आणून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या आणि स्क्रू पक्के करा. एका बाजूला जरा जरी उचललेलं राहिलं तरी कार्ड ओळखलं जात नाही.

पॉवर दिल्यावर प्रोग्रामिंगच्या आधी डायल टोन तपासा. नव्या कार्डाची आठही एक्स्टेंशन मुकी असतील तर कार्ड नीट बसलेलं नाही. एखादंच मुकं असेल तर दोष क्रोन मॉड्यूलवर (तारांच्या जोड्या जिथे जोडतात ती पट्टी) किंवा पुढच्या वायरमध्ये शोधा. की फोनला दोन जोड्या लागतात: मधल्या दोन तारांवर आवाज, बाहेरच्या दोनांवर डेटा. जुन्या साध्या फोनच्या एकाच जोडीवर की फोन लावला तर डिस्प्ले उजळतच नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या कार्डाला दिला जातो.

आता प्रोग्रामिंग. जॅक १ वर डिस्प्लेवाला की फोन लावा. प्रोग्राम बटण, मग स्टार, हॅश आणि सिस्टिम पासवर्ड १२३४. प्रत्येक सेटिंगला तीन आकडी प्रोग्राम नंबर असतो; हा फॅक्टरी पासवर्ड ००२ मध्ये लगेच बदला. पुढच्या टप्प्यावर जायला एसपी-फोन, पर्याय बदलायला ऑटो आन्सर, साठवायला स्टोअर आणि संपवायला होल्ड.

सगळ्यात महत्त्वाचा प्रोग्राम ४००, म्हणजे कोणत्या पोर्टला खरोखर लाइन जोडली आहे ते सांगणं. समजा ८२४८३ घातलं, पण नवी लाइन एकच आली. मग पोर्ट ४ ‘कनेक्ट’ ठेवा, ५ आणि ६ ‘नॉट कनेक्ट’ करा. हे राहिलं तर बाहेरची लाइन घेण्याचा आकडा दाबल्यावर एक्सचेंज कधीकधी रिकामा पोर्टच पकडतो. “फोन कधी लागतो, कधी नाही” ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

मग ४०५: कोणत्या एक्स्टेंशनने कोणत्या लाइनवरून बाहेर फोन करायचा, हे दिवसासाठी. रात्रीसाठी ४०६, जेवणाच्या वेळेसाठी ४०७. आलेला कॉल कुठे वाजायचा ते ४०८, ४०९ आणि ४१० मध्ये त्याच क्रमाने. फॅक्टरी सेटिंगवर नव्या लाइनचा कॉल सगळीकडे वाजतो, त्यामुळे आधी स्टारने सगळी एक्स्टेंशन बंद करा आणि रिसेप्शनचं तेवढं चालू करा. बरेच जण दिवसाचं करून थांबतात. संध्याकाळी मोड बदलला की बंद केबिनमधले फोन वाजत बसतात. नव्या लाइनवर रेकॉर्डेड स्वागत हवं असेल तर ४१४ मध्ये लाइनचा मोड डिसा (कॉल आपोआप उचलून संदेश ऐकवण्याची सोय) करा. कॉलर आयडीचं कार्ड घातलं असलं तरी ९०० मध्ये ती लाइन चालू करावीच लागते.

एक्स्टेंशन नंबर सहसा बदलावे लागत नाहीत. मूळ प्लॅनमध्ये जॅक ९ ला १०९ आणि जॅक २४ ला १२४ असतो.

शेवटी प्रत्येक लाइनवर मोबाइलवरून एक कॉल आणा, प्रत्येक लाइनवरून एक बाहेर करा, मोड रात्रीवर टाकून पुन्हा तेच. सगळं जुळलं की ताजा बॅकअप घ्या आणि कोणत्या पोर्टला कोणता नंबर आहे ते झाकणाच्या आत चिकटवा.