पोटातल्या बाळापर्यंत शिसं जाऊ नये म्हणून घरात काय बघायचं

वार, म्हणजे पोटात बाळाला आईशी जोडणारा अवयव (प्लॅसेंटा), बाळाला सगळ्यापासून वाचवते असं पूर्वी डॉक्टरसुद्धा मानायचे. पण जपानमध्ये मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून बायकांच्या पोटात गेला, १९५६ साली तो आजार उघडकीस आला, आणि कित्येक आया वरून धडधाकट दिसत होत्या तरी बाळं मेंदूला इजा होऊन जन्मली. शिसंही तसंच वारेतून आरामात पलीकडे जातं आणि बाळाच्या मेंदूलाच त्रास देतं.

शिशाचं वाईट म्हणजे ते वर्षानुवर्षं हाडात साठून राहतं. आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, म्हणजे आज तिशीतल्या बाईच्या लहानपणी तो धूर होताच, आणि गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं तेव्हा हे जुनं शिसंही रक्तात उतरतं. म्हणून चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या प्लीज चुकवू नका. लोहाच्या पण घ्या, अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. फक्त दोन्ही एकदम नकोत, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या.

आता स्वयंपाकघर. सुटी, भडक पिवळी हळद घेऊ नका, रंग खुलवायला त्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, घातलेलं सापडलंय. आणि पॉलिश केलेल्या चकचकीत हळकुंडांवरही ते चोळलेलं असू शकतं, त्यामुळे मळकट दिसणारी बिनपॉलिशची हळकुंडं आणून दळून घ्या. पितळी भांड्यांना कल्हई करताना कथलात शिसं मिसळलेलं नाही ना हे विचारा, खात्री नसेल तर आमटी, चिंचेचं सार स्टीलमध्येच करा.

डोहाळे लागले की भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, घरातले पण कौतुकाने आणून देतात, पण मातीतून शिसं जातं आणि ही ओढ बऱ्याचदा रक्त कमी असल्याची खूण असते, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा आणि हिमोग्लोबिन बघा. शेंदूर आणि कुठलीही भस्मं मात्र या काळात बंदच.

बाळ येणार म्हणून भिंती खरवडून रंग काढायची घाई करतात ना, जुन्या ऑइलपेंटची ती धूळ फार वाईट. काम करायचंच असेल तर ओलं करून, आणि गरोदर बाई तेव्हा दुसरीकडे राहायला हवी. नवरा बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामावर असेल तर त्याने अंघोळ करून, कपडे बदलूनच घरात यायचं, ते कपडे वेगळे धुवायचे आणि शक्यतो तिने धुवायचे नाहीत. अशा घरात डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची टेस्ट करून घ्या, दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम (रिपोर्टवर µg/dL) किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून आधी ते बंद करायचं.