संगीताच्या तासाला गोंधळ होतो? या चुका टाळा

सांगली, मिरज, तासगाव, पलूस भागातल्या संगीत शिक्षकांची एक तक्रार नेहमी कानावर येते: “मुलं ऐकतच नाहीत, तास हाताबाहेर जातो.” मग कुणी शिक्षा सुचवतं, कुणी वर्गप्रमुख नेमायला सांगतं. मला वाटतं, यातला बराचसा गोंधळ गाण्यातच सुरू होतो. पट्टी (म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा ते) चुकलेली असते, लय पळालेली असते, नाहीतर मुलांचे हात रिकामे असतात.

सगळ्यात मोठी चूक पट्टीची. सर स्वतः काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुरावर सा धरून गातात, म्हणून पेटीही तिथेच धरतात. गाणं मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, उतरलं की पाचवी-सहावीच्या मुलांचा आवाज तिथं पोचतच नाही. ती पुटपुटतात आणि दोन ओळींत शेजाऱ्याशी गप्पा सुरू करतात. सर म्हणतात, “जोरात म्हणा!” की वर्ग किंचाळायला लागतो. इथं पोरं वांड नाहीत, पट्टी चुकली आहे. गाणं बसवण्याआधी त्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा. खालचा स्वर पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या खाली जाऊ नये, वरचा तार (वरच्या) सप्तकातल्या पांढरी दोनच्या फारसा वर जाऊ नये. मध्य सा ते तार सा एवढंच गाणं असेल तर पांढरी दोन धरा. मंद्र पंचम लागत असेल तर सा काळी तीन किंवा पांढरी पाचवर घ्या. सरांना अवघड जाईल, पण गायचं मुलांनी आहे.

याची परीक्षा परिपाठातच घेता येते. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. मोबाइलवर वेळ लावून बघा. मिनिटाच्या बरंच वर जात असेल तर लय ओढली जाते आहे, आणि बहुतेक वेळा पट्टीही खाली असते.

दुसरी चूक म्हणजे एकाच्या हातात ढोलकी आणि बाकी वर्ग हाताची घडी घालून. मोठ्या वर्गात हे चालणारच नाही. निम्म्या वर्गाला गाणं द्या, निम्म्याला ठेका. केरवा हा आठ मात्रांचा ताल आधी तोंडाने म्हणून घ्या, “धा गे ना ती, न क धि ना”, मग मांडीवर बोटांनी. बाकावर नको, तिथं आवाज वाढला की लय पळालीच म्हणून समजा. लय पळाली तर ओरडून थांबवू नका, स्वतः एकदम हलक्या आवाजात टाळी द्या. ती ऐकू यावी म्हणून मुलं आपोआप आवाज उतरवतात. आणखी एक करून बघा: एक आवर्तन (ठेक्याची एक फेरी) मोठ्याने, एक मनातल्या मनात, आणि पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सगळ्यांनी एकत्र टाळी. पहिल्या दिवशी टाळ्यांचा सडा पडतो. रोज करत राहिलं की त्या जुळू लागतात.

आपल्याकडे लेझीम आहे, हे शिक्षक विसरतात तेव्हा वाईट वाटतं. हलगी-घुमक्यावर एकही पाऊल न चुकवणारा मुलगा वर्गात ‘बेताल’ कसा ठरतो? त्याला उभं करा, पावलं टाकायला सांगा, मग त्याच पावलांवर टाळी शिकवा. एकादशीला भजनात टाळ धरणारी, मृदंगावर बसणारी मुलंही वर्गात असतात. त्यांना पुढं बोलवा.

“तू नुसते ओठ हलव.” हे वाक्य कुठल्याही मुलाला कधीही म्हणू नका. लहानपणी ऐकलेलं हे वाक्य माणूस विसरत नाही आणि पुढं गातही नाही. सूर न जुळणाऱ्या मुलाला पेटीचा सा देऊन काही होत नाही. त्याला सहज ‘आ’ लावू द्या, तो स्वर पेटीवर शोधा, त्यालाच सा माना आणि तिथून एकेक स्वर वर न्या. आठवी-नववीत मुलग्यांचा आवाज फुटतो. तेव्हा त्यांना खालच्या स्वरातल्या ओळी द्या. वर्ग हसला तर तिथल्या तिथं थांबवा, याबाबतीत मात्र कडक राहा.

वर्ग शांत व्हावा म्हणून पेटी जोरात वाजवण्यातही अर्थ नाही. तंबोऱ्याचं ॲप अगदी बारीक आवाजात लावा आणि तो ऐकू येईपर्यंत गाणं सुरू करू नका. ऐकण्याची गोडी लावायला सांगली-मिरजेइतकी जागा कुठली? मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत एकदा मुलांना घेऊन जा, आधी कारागिरांना विचारून. तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर) तारेखाली दोरा जरासा सरकला की आवाज कसा खुलतो, ही जवारी मुलांनी स्वतःच्या कानांनी ऐकावी. फळ्यावर ती शिकवता येत नाही.

अलंकारांत (स्वरांच्या ठरावीक सरावात) महिने घालवू नका. आधी गाणं, मग त्यातल्याच स्वरांचे अलंकार.

पावसाळ्यात तबला उतरतो. तो तासाच्या आधी सुरात मिळवून ठेवा. मुलांसमोर दहा मिनिटं हातोडी चालली की पस्तीस मिनिटांच्या तासात पुढं काय उरणार? डग्ग्याला आणि तबल्याला गवसणी घाला, पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते.