मॉस्को ते व्लादिवोस्तोक: निघण्यापूर्वीची तयारी

मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला जाण्याचे ठरले की अंतराचा कोणता आकडा आपल्या उपयोगाचा आहे, हे आधी निश्चित करावे. रेल्वेमार्गाने हे अंतर 9288 किलोमीटर भरते आणि गाडीला सहा ते सात दिवस लागतात. हवाई अंतर मात्र सुमारे 6400 किलोमीटर असून विमान साडेआठ-नऊ तासांत पोहोचते. व्हिसाची मुदत मोजताना गाडीतले हे दिवसही धरावेत.

त्यानंतर वेळेचा हिशेब कागदावर मांडावा, कारण गोंधळ बहुधा तिथेच होतो. व्लादिवोस्तोकचे घड्याळ मॉस्कोच्या सात तास पुढे असते. मॉस्कोहून रात्री आठला सुटलेले विमान साडेआठ तासांनी उतरते, तेव्हा तिथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी केली, तर हाच प्रवास साडेपंधरा तासांचा वाटतो. उलट परतताना दुपारी एकला निघून नऊ तास उडाले, तरी मॉस्कोत त्याच दिवशीचे तीनच वाजलेले असतात. भारताच्या तुलनेत मॉस्को अडीच तास मागे आणि व्लादिवोस्तोक साडेचार तास पुढे असल्याने घरी फोन करण्याच्या वेळाही याच कागदावर लिहून ठेवाव्यात.

रेल्वेने जाणाऱ्यांनी आणखी एक खात्री करावी. ऑगस्ट 2018 पूर्वी रशियन रेल्वेच्या तिकिटांवर सर्वत्र मॉस्कोचीच वेळ छापली जात असे. आता स्थानिक वेळ असते, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेतील वेळा जशाच्या तशा उतरवून घेऊ नयेत. मॉस्कोच्या तुलनेत येकातेरिनबुर्ग दोन, नोव्होसिबिर्स्क चार आणि इर्कुत्स्क पाच तास पुढे आहे, एवढे टिपून ठेवले तरी वाटेतला हिशेब सहज जुळतो.

गाडी निवडताना इर्कुत्स्क ते उलान-उदे हा टप्पा दिवसाउजेडी येईल, असे अवश्य पाहावे. या टप्प्यात गाडी बैकल सरोवराच्या काठाने जाते आणि पूर्वेकडे जाताना सरोवर डाव्या हाताला असते. एवढ्या दूर जाऊन हा भाग अंधारात निघून जावा, याची हळहळ फार काळ राहते. इर्कुत्स्कला मुक्काम करायचा असल्यास दोन स्वतंत्र तिकिटे काढावीत.

सामानात झाकणाचा मोठा पेला, चमचा आणि गरम पाणी ओतताच तयार होणारे पोहे-उपमा यांची पाकिटे असावीत, कारण प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याची सोय असते. शाकाहारी व्यक्तीने चिवडा आणि दशम्याही घ्याव्यात. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी डबा उबदार असतो, म्हणून जाड कोटाबरोबर हलके कपडे आणि सपाता लागतात. गाडी कुठे किती मिनिटे थांबते, याचा तक्ता डब्याच्या बोळात लावलेला असतो. तो पाहूनच फलाटावर उतरावे.

भारतीय बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे 2022 पासून रशियात चालत नाहीत, म्हणून संपूर्ण खर्चाची रोकड जवळ असावी. मॉस्कोत एकाच चौकात तीन रेल्वे स्थानके आहेत. यारोस्लाव्हस्की, कझान्स्की की लेनिनग्राडस्की, हे तिकिटावर वाचून टॅक्सीचालकाला दाखवण्यासाठी रशियन लिपीत लिहून ठेवावे. व्लादिवोस्तोकचा विमानतळ शहरापासून सुमारे 40 किलोमीटर दूर असल्याने परतीच्या विमानासाठी तो वेळही आधीच धरून चालावा.