विहिरीत साबण सोडण्याआधी

बडोद्यात कुणाला सांगितलं की मी तेलाच्या क्षेत्रात आहे, की पुढचा प्रश्न ठरलेला: "रिफायनरीत का?" कोयलीची रिफायनरी १९६५ पासून इथे आहे, दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी तिथे नोकरीला होतं किंवा आहे, त्यामुळे तेल म्हणजे कोयली हे समीकरण पक्कं बसलंय. माझं काम त्याच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यातलं. तेल अजून जमिनीखाली दगडात आहे, विहीर खोदून झाली आहे, ती काही वर्षं चांगली चालली आणि आता उत्पादन घसरलंय. का घसरलं ते शोधायचं आणि विहिरीत कोणतं द्रावण सोडलं तर ती पुन्हा वाहील ते ठरवायचं. या द्रावणांत सर्फॅक्टंटचा, म्हणजे साबणाच्या जातकुळीतल्या रसायनांचा, वाटा मोठा असतो.

केमिस्ट्रीत एमएस्सी किंवा केमिकल इंजिनिअरिंग केलेली मुलं मला विचारतात, पेट्रोलियमची पदवी नसताना या क्षेत्रात शिरता येतं का? येतं, आणि या कोपऱ्यात तर रसायनवाल्यांचीच गरज असते. पेट्रोलियम इंजिनिअरला साठ्याचं वागणं कळतं, पण सर्फॅक्टंटच्या रेणूचं डोकं (पाण्याकडे ओढा असलेलं टोक, तेलाकडे ओढा असलेली ती शेपटी) ऋणभारित आहे की धनभारित याने कुठे काय बिघडेल, हे त्याला रसायनवाल्यालाच विचारावं लागतं. अडचण उलट्या बाजूने येते. आपल्याला रेणू ठाऊक असतो, दगड ठाऊक नसतो. पहिलं वर्षभर तरी दगड आणि पाणी शिकण्यात घालवा, हे माझं सगळ्यांत ठाम मत.

त्यासाठी बडोद्यासारखं गाव नाही. आपण खंभातच्या खोऱ्यावरच बसलोय. खंभातजवळ लुणेजला १९५८ मध्ये तेल-वायू सापडला, १९६० मध्ये अंकलेश्वर. दक्षिणेला अंकलेश्वर-गांधारचे वालुकाश्म, उत्तरेला कलोल आणि मेहसाणा, त्यातही मेहसाण्याकडच्या बलोल, संथाल, लनवा या भागांत जड, घट्ट तेल. आणि अगदी दाराशी पादरा, जिथे तेल चक्क दख्खनच्या बेसाल्टच्या भेगांतून येतं. सह्याद्रीचा तोच काळा दगड, इथे जमिनीखाली गाडलेला. काही तासांच्या टप्प्यात इतक्या तऱ्हांचे दगड पाहायला मिळणं ही चैन आहे, आणि ती इथल्या मुलांच्या लक्षातच येत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. विहिरीचं उत्पादन घसरण्याची कारणं अनेक. साठ्यातला दाबच संपला असेल तर कुठलंही रसायन कामाचं नाही. हे आधी मान्य करायला शिका, कारण विक्रीवाले ते कधीच मान्य करत नाहीत. दाब शिल्लक आहे पण विहिरीलगतचे काही फूट तुंबले आहेत, असं असेल तर आपलं काम सुरू होतं. विहीर बंद ठेवून दाब कसा चढतो ते पाहतात, त्या प्रेशर बिल्ड-अप चाचणीतून निघणारा 'स्किन' हा आकडा धन आणि मोठा असेल तर तुंबलंय असं समजायचं. पण कशाने तुंबलंय ते तो आकडा सांगत नाही. मेण साचलंय, चिकणमाती फुगलीय, इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं चटकन वेगळं न होणारं मिश्रण, झालंय, की नुसतं पाणी अडकून बसलंय, हे विहिरीच्या इतिहासातून काढावं लागतं.

पाणी अडकणं म्हणजे वॉटर ब्लॉक. नव्या लोकांना हे पटत नाही, म्हणून मी कागदावर गणित मांडायला लावतो. वर्कओव्हर, म्हणजे विहिरीची दुरुस्ती, करताना विहीर दाबून ठेवायला खारं पाणी भरतात, ते थोडं दगडात शिरतं. वायूची विहीर धरा, दगडातल्या छिद्राच्या गळ्याची त्रिज्या ०.१ मायक्रॉन. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन. दगड पूर्णपणे वॉटर-वेट, म्हणजे पाण्याला धरून ठेवणारा, मानला तर केशिका दाब (बारीक छिद्रात पाणी अडकवून ठेवणारा दाब) म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या, उत्तर सुमारे १४ बार, साधारण २०० पीएसआय. जुन्या विहिरीत साठा आणि तळ यांच्या दाबात तेवढा फरक उरलेलाच नसतो, मग ते पाणी बाहेर ढकलणार कोण? तेच सर्फॅक्टंट घालून पृष्ठताण ३० वर आणला, तर ६ बार पुरतात. हे एक गणित स्वतः केलं की पृष्ठताण हा पुस्तकातला शब्द राहत नाही. आणि त्रिज्या १० मायक्रॉन घेऊन पुन्हा करा. उत्तर इतकं किरकोळ येतं की मोकळ्याढाकळ्या वालुकाश्मात वॉटर ब्लॉकचं कारण पुढे करणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेसे वाटतात.

पण पृष्ठताण कमी करणारं काहीही चालेल, असंही नाही. वालुकाश्मातल्या सिलिकाचा पृष्ठभाग नेहमीच्या पीएचला ऋणभारित असतो. धनभारित डोक्याचा, म्हणजे कॅटायनिक, सर्फॅक्टंट त्यावर जाऊन चिकटतो, शेपट्या बाहेर राहतात आणि दगड ऑइल-वेट, म्हणजे तेलाला धरून ठेवणारा, होतो. तेल दगडाला धरून बसतं, पाण्याला वाट मोकळी होते. आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. चुनखडकाचा पृष्ठभाग बहुधा धनभारित, तिथे हाच धोका ॲनायनिककडून, म्हणजे ऋणभारित डोक्याच्या सर्फॅक्टंटकडून. म्हणून मुंबई हायच्या चुनखडकात चाललेली कृती अंकलेश्वरच्या वाळूत उचलून आणता येत नाही. मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारतो. एचएलबीची (रेणूचा ओढा पाण्याकडे किती, तेलाकडे किती हे सांगणाऱ्या आकड्याची) व्याख्या घडाघडा म्हणणारे पुष्कळ भेटतात, दगडाचा भार सांगणारे थोडे.

पुढचा अडथळा इमल्शनचा. ॲसिड जॉबमध्ये, म्हणजे वाट मोकळी करायला विहिरीत ॲसिड सोडतात तेव्हा, ॲसिड, कच्चं तेल, बारीक माती आणि विरघळलेलं लोह एकत्र आलं की कधीकधी असा लगदा बनतो की ॲसिडने उघडलेली वाट लगदाच बंद करतो. म्हणून प्रयोगशाळेत बाटली चाचणी. ताजं ॲसिड आणि वापरून झालेलं ॲसिड, दोन्हींबरोबर त्या विहिरीचं तेल मिसळायचं, विहिरीच्या तापमानाला ठेवायचं, किती वेळात थर वेगळे होतात ते पाहायचं, आणि शेवटी १०० मेशच्या चाळणीतून ओतून स्लज, म्हणजे चिकट गाळ, राहतो का ते बघायचं. ऐकायला शाळेतला प्रयोग. पण या क्षेत्रातले निम्मे निर्णय या बाटल्यांवर होतात, आणि नव्या माणसाची पारखही.

यात नमुना कुठून घेतला याला मी चाचणीपेक्षा जास्त महत्त्व देतो. ग्रुप गॅदरिंग स्टेशनच्या, म्हणजे जीजीएसच्या टाकीतलं तेल आणलं, तर त्यात अनेक विहिरींचं मिश्रण असतं आणि वाटेत डिमल्सिफायर, म्हणजे इमल्शन फोडणारं रसायन, सोडलेला असतो. अशा तेलात कुठलंही रसायन शहाणंच ठरतं. नमुना वेलहेडवरून, म्हणजे विहिरीच्या तोंडावरून, रसायनाच्या डोसिंगच्या आधीच्या जागेवरून घ्यायचा. सोबत फॉर्मेशन वॉटर, म्हणजे त्या दगडातलं मूळचं पाणी, तेही हवं, कारण त्यातल्या कॅल्शियमशी काही ॲनायनिक रेणू जुळवून घेत नाहीत, सरळ खाली बसतात. एका पुरवठादाराने एकदा डिझेल आणि डिस्टिल्ड वॉटर वापरून केलेला अतिशय देखणा अहवाल पाठवला होता, रंगीत आलेखांसकट. त्याच रसायनाची चाचणी विहिरीच्या खऱ्या तेलाबरोबर केली तर चमच्याने काढावा असा चॉकलेटी गाळ. पुरवठादार खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलंच होतं त्याने दिलेल्या उत्तराइतकं.

आता विस्कोइलॅस्टिक सर्फॅक्टंट, ज्याला सगळे व्हीईएस म्हणतात. नव्या मुलांना याचं फार आकर्षण, आणि ते रास्तही आहे. हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगमध्ये दगडाला भेग पाडून तीत वाळू किंवा सिरॅमिकचे दाणे वाहून न्यायला घट्ट द्रावण लागतं. परंपरेने हे काम ग्वार डिंकाचं, म्हणजे आपल्या भाजीतल्या गवारीच्या बियांचं. राजस्थान-गुजरातेतली ही गवार अमेरिकेतल्या फ्रॅक्चरिंगने इतकी खेचली की भावाच्या उसळीपायी २०१२ मध्ये ग्वारचे वायदे बंद करावे लागले. डिंकाची खोड अशी की काम झाल्यावर ब्रेकरने, म्हणजे घट्टपणा मोडणाऱ्या रसायनाने, तोडला तरी थोडा गाळ दाण्यांमध्ये उरतो आणि भेगेची वाहकता कमी करतो. व्हीईएसमध्ये पॉलिमरच नाही. योग्य क्षार मिळाले की सर्फॅक्टंटचे रेणू लांबलचक धाग्यासारखे मायसेल, म्हणजे रेणूंचे पुंजके, बनवतात आणि ते शेवयांसारखे एकमेकांत गुंततात, म्हणून द्रावण घट्ट होतं. तेल भेटलं की धागे मोडून गोल मायसेल होतात आणि सगळं पाण्यासारखं पातळ. अवशेष जवळजवळ नाही.

मग सगळे व्हीईएसच का वापरत नाहीत? एक तर महाग. भेगेच्या भिंतीवर फिल्टर केक, म्हणजे झिरपणं अडवणारा थर, बनत नाही, म्हणून झिरपणाऱ्या दगडात द्रावण बाजूला निघून जातं. तापमान वाढलं की धागे आखूड होतात. साधी व्हीईएस शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे टिकवणं कठीण, आणि खंभातचं खोरं तसंही तापट आहे, खोलीबरोबर इथे उष्णता भराभर वाढते. शिवाय कोरड्या वायूच्या विहिरीत धागे मोडायला तेलच नसतं, तिथे आतला ब्रेकर वेगळा द्यावा लागतो. हा शेवटचा मुद्दा माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो. मला स्वतःला व्हीईएस सर्वांत आवडतो तो चुनखडकातल्या ॲसिडमध्ये. ॲसिड दगड खात जातं तसा पीएच चढतो, कॅल्शियम वाढतं आणि द्रावण जिथे काम झालं तिथेच घट्ट होतं. मागून येणारं ताजं ॲसिड आपोआप दुसऱ्या, न उघडलेल्या भागाकडे वळतं. याहून सुबक रसायन या धंद्यात मी पाहिलेलं नाही.

वायूच्या विहिरीत पाणी साचत गेलं तर ते वर यावं म्हणून फोमर, म्हणजे फेस करणारं रसायन, किंवा साबणाच्या कांड्या सोडतात. पाणी वर उचलायला वायूचा किमान वेग किती लागेल, यासाठी टर्नर, हबर्ड आणि डकलर यांचं १९६९ चं समीकरण अजूनही पहिलं उघडलं जातं. त्यात पृष्ठताण चौथ्या मुळात आहे, म्हणजे ७२ चा ३० केला तरी लागणारा वेग साधारण वीस टक्केच उतरतो. उरलेला फायदा फेसाच्या पातळ पडद्यांत पाणी धरलं जातं त्याचा. सोबत कंडेन्सेट, म्हणजे वायूतून सुटणारं हलकं तेल, येत असेल तर फेस मरतो, तिथे बहुधा बीटेन जातीचे (धन आणि ऋण दोन्ही भार असलेले) रेणू बरे ठरतात. साठाभर सर्फॅक्टंट फ्लडिंग, म्हणजे एका विहिरीलगत नव्हे तर सगळ्या साठ्यातून द्रावण ढकलत नेणं, हा वेगळाच विषय. तिथे तेल-पाण्यातला ताण ०.००१ मिलिन्यूटनपर्यंत उतरवायचा असतो आणि हिशेब विहिरीचा नसून वर्षांचा असतो. नव्याने येणाऱ्याने त्यात लगेच उडी घेऊ नये.

शिक्षणाचं म्हणाल तर बडोद्यात रसायन शिकायची परंपरा जुनी. सयाजीरावांचं कलाभवन १८९० चं, आणि ते उभं करणारे गज्जर स्वतः रसायनतज्ज्ञ. आजही एमएस युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्री किंवा केमिकल करून या कामात येता येतं. मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) तेलं आणि सर्फॅक्टंट यांचा स्वतंत्र विभाग आहे. पेट्रोलियमच हवं असेल तर धनबाद, गांधीनगर, पुणे, डेहराडून. ओएनजीसीत केमिस्टची वेगळी पदं असतात, पण भरतीची पद्धत बदलत आली आहे, तेव्हा दरवेळी जाहिरात नीट वाचा. प्रोजेक्टसाठी अहमदाबादची इन्स्टिट्यूट ऑफ रिझर्व्हॉयर स्टडीज आणि पनवेलची आयओजीपीटी (इन्स्टिट्यूट ऑफ ऑइल अँड गॅस प्रॉडक्शन टेक्नॉलॉजी) ही नावं ध्यानात ठेवा. खासगी नोकरीची सुरुवात बहुतेकांची मकरपुरा, नंदेसरी किंवा अंकलेश्वरकडच्या रसायन कंपन्यांच्या प्रयोगशाळेतच होते. पगार सुरुवातीला बेताचा. तरी साइटवर पाठवणारी नोकरी आणि एसीत बसवणारी नोकरी यांत निवड आली तर साइट घ्या.

साइटवर इंग्रजी फारसं कामाला येत नाही. वर्कओव्हर रिगवरचे लोक गुजराती किंवा हिंदी बोलतात. दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी पोराला गुजराती आपसूक येते, हा फायदा कमी समजू नका. "काका, आ कूवामां पहेलां शुं नाख्युं हतुं?" (या विहिरीत आधी काय टाकलं होतं?) असं एखाद्या जुन्या ऑपरेटरला चहा पिता पिता विचारलं की फायलीत नसलेला इतिहास बाहेर येतो: कोणत्या वर्षी गरम तेल फिरवलं, कोणतं रसायन टाकल्यावर तेल, पाणी, वायू वेगळे करणारा सेपरेटर बिघडला. पुष्कळदा पुढची चाचणी कोणती करायची ते तिथेच ठरतं.

सुरक्षेबाबत एवढंच, पण यात सूट नाही. वालुकाश्मात वापरतात त्या मड ॲसिडमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं. ते त्वचेतून आत जातं, वेदना उशिरा सुरू होते, आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर कामाला हात लावायचा नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला, असं समजू नका. जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. डिटेक्टर गळ्यात हवा. वरिष्ठ म्हणाले "पाच मिनिटांचंच काम आहे", तरी हवाच.