एक खाडा चालेल, लागोपाठ दोन नाही

दरवर्षी २१ जून आला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर योगदिन होतो, पाऊस असला तर खाली पार्किंगमध्ये, सगळे पांढरे टीशर्ट घालून, फोटो निघतात, आणि मग दोन-चार जणी जिन्यात गाठून विचारतात की आम्हालाही रोज करायचंय गं, कुठून सुरू करू. श्रावण लागेपर्यंत त्यातली एकही करत नसते. मी हसत नाहीये त्यांना, मी स्वतः चार वेळा सुरू करून चार वेळा सोडलंय, पाचव्यांदा टिकलं त्याला आता सहा वर्षं होतील. आणि टिकलं ते काही माझा निग्रह वाढला म्हणून नाही, आधीच्या चार वेळी जे जे केलं ते या वेळी केलं नाही म्हणून.

काय केलं होतं? पहाटे पाचचा अलार्म, तासभराचा बेत, नवीकोरी मॅट आणि पहिल्याच दिवशी १२ सूर्यनमस्कार. तिसऱ्या दिवशी गुडघे ताठ ठेवून खाली वाकले आणि कंबर अशी धरली की आठ दिवस धड ओणवं होता येईना, मग काय, नव्याचे नऊ दिवससुद्धा पुरे झाले नाहीत. दुसऱ्या खेपेला व्हिडिओ बघून केलं. मोबाईल ठेवला बाजूला आणि आपण भुजंगासनात, म्हणजे छाती वर आणि मान वळवून स्क्रीनकडे डोळे, संध्याकाळपर्यंत मान अवघडली. व्हिडिओ वाईट नसतात, पण तो आधी बसून बघायचा, बंद करायचा आणि मग करायचं.

तर पहिलं काम म्हणजे जागा. मॅट गुंडाळून कपाटाच्या वर ठेवली की ती तिथेच राहते, हे लिहून घ्या. आमचं डोंबिवलीतलं घर काही मोठं नाही, पलंग आणि कपाट यांच्यामध्ये साधारण सहा फूट लांब, दोन-अडीच फूट रुंद पट्टा आहे, तोच माझा. सतरंजी रात्री झोपतानाच पसरून ठेवते. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की तो सतरंजीवरच पडतो, मग टाळाटाळ करायला तिच्यावरून चालत जावं लागतं. पावसाळ्यात मात्र मॅट अशी पसरून ठेवली की कुबट वास येतो, तेव्हा सुती सतरंजी बरी, धुता येते.

दुसरं म्हणजे वेळ. घड्याळातली वेळ ठरवू नका, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला बांधा. दात घासून झाले की, किंवा मुलांची स्कूलबस गेली की, किंवा संध्याकाळी ऑफिसातून येऊन हातपाय धुतले की. सकाळीच केलं पाहिजे असं काही नाही, संध्याकाळी अंग जास्त मोकळं असतं, फक्त पोट रिकामं हवं. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यायचे, जेवल्यावर लगेच चालतं ते फक्त वज्रासन, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं. चहाबद्दल फार वाद घालतात लोक. मी अर्धा कप घेते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी करते, चहा सोडून योग करायचा ठरवला असता तर दोन्ही सुटलं असतं.

आता किती करायचं. बँकेत खातं चालू ठेवायला मिनिमम बॅलन्स लागतो ना, तसा आपला ठरवायचा, आणि तो इतका लहान ठरवायचा की ताप सोडून कुठल्याही दिवशी जमलाच पाहिजे. माझा आहे सात मिनिटं: पाच मिनिटं आडवं पडून श्वास, दोन मिनिटं ताडासन आणि पाठ ताणणं. चांगल्या दिवशी चाळीस मिनिटंही होतात, पण हिशोबात धरायची ती सातच.

पहिला महिना मी म्हणेन आसनांच्या मागे लागूच नका, श्वासापासून सुरू करा, आणि श्वासातही घेण्यापासून नाही, सोडण्यापासून. पाठीवर आडवं पडायचं, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर, डोक्याखाली चार घड्या घातलेला टॉवेल, एक हात बेंबीवर. आधी काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं श्वास कुठे जातोय, बहुतेकांचा छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. मग नाकाने हळू सोडायचा, पूर्ण, पोट खाली जाऊ द्यायचं, आणि पुढचा आपोआप आत येऊ द्यायचा. तीन-चार दिवसांनी मोजायला लागा: घेताना चार, सोडताना सहा. आपण एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, या मोजणीने ते सहावर येतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, घेताना थोडे वाढतात, हे सगळ्यांचंच होतं, नाडीवर बोट ठेवून बघा कधी. म्हणून सोडणं लांबवलं की अंग शांत व्हायला लागतं. चार-सहाला घुसमट होत असेल तर घेताना तीन, सोडताना चार करा. धाप लागली किंवा मधेच एखादा मोठा श्वास घ्यावासा वाटला तर मोजणी लांब झालीय एवढंच समजायचं, कमी करायची. सासूबाई पहिले पंधरा दिवस दारातून विचारायच्या, "झोपलीस का गं?" आणि खरं सांगायचं तर दोनदा झोपलेही होते, काही बिघडत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी बसून करा. इथे बहुतेक जण फसतात, कारण मांडी घालून सपाट जमिनीवर बसलं की कंबर मागे ढासळते, पाठीला पोक येतो आणि पोटाला हलायला जागाच उरत नाही. बुडाखाली घोंगडी किंवा चादर घडी करून चार-पाच इंच उंची घ्या, गुडघे कमरेच्या खाली आले की पाठ आपोआप सरळ होते. तरी गुडघे दुखले तर खुर्चीवर बसा, पावलं जमिनीवर टेकलेली, अजिबात लाज वाटून घेऊ नका.

मग अनुलोम-विलोम. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडायचं, अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका-करंगळी डावीला. डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा, हे एक आवर्तन. सहा आवर्तनं पुरेत सुरुवातीला. नाक चिमटीत पकडल्यासारखं दाबायचं नाही, नुसता बोटाचा टेकू, आणि कोपर वर उचलून खांदा दुखवून घ्यायचा नाही. श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, स्वतःच्या मनाने करू नका, ते समोर बसून शिकवणाऱ्याकडूनच. सर्दीने नाक चोंदलं असेल त्या दिवशी हे सोडून भ्रामरी करा: ओठ मिटलेले, दात सुटे, सोडताना भुंग्यासारखा आवाज, पाच-सहा वेळा. रात्री झोप येत नसेल तेव्हाही मला भ्रामरीच उपयोगी पडते, फक्त नवऱ्याला आधी सांगून ठेवावं लागलं.

कपालभातीबद्दल जरा बोलते, कारण बागेत सकाळी बघावं तर निम्मे लोक खांदे उडवत फुस्स फुस्स करत असतात आणि पाचशे झाले, हजार झाले असे आकडे सांगतात. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती, म्हणजे पोट आत मारून झटक्याने श्वास सोडणं, प्राणायामात मोजलेलीच नाही, ती सहा शुद्धिक्रियांमधली एक आहे. हलायचं ते पोट, खांदे नाही. आणि बीपी जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा दिवस गेले असतील तर ती करायचीच नाही. त्याच ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही, घाई केली तर तो साधकालाच मारतो. हत्तीला एका आठवड्यात बांधायला कोण जातं?

आसनं मी सहाच सांगते, यातच वर्ष निघतं. ताडासनात नुसतं उभं राहायचं, टाचा आणि चवडे यांवर भार सारखा, हात वर, पाच श्वास. मग स्वयंपाकघरात जा, ओट्याच्या कडेला हात टेकवा आणि मागे सरकत सरकत पाठ आडवी करा, गुडघे थोडे वाकले तरी चालतील, कुकरची शिट्टी होईपर्यंतचं काम आहे हे. मग पाठीवर आडवं पडून एका पावलात जुनी ओढणी अडकवून पाय वर ताणायचा, दुसरा जमिनीवर. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात, माझी कंबर धरली त्याचं मूळ तिथेच होतं असं पुढे शिक्षकांनी दाखवलं. भुजंगासनात, म्हणजे पालथं पडून, हातांवर जोर द्यायचा नाही, बेंबी जमिनीलाच, फक्त छाती उचलायची, नजर समोर. वक्रासनात, म्हणजे बसून पाठ पिळताना, वळायचं ते श्वास सोडताना, घेताना नाही. आणि शेवटी पाय भिंतीवर लावून तीन-चार मिनिटं पडून राहायचं, मला सगळ्यात आवडतं ते हे, पण काचबिंदू किंवा वाढलेलं बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मग शवासन, ते कापायचं नाही, घाई असेल तर आसन एक कमी करा.

साधनं विकत घ्यायची गरज नाही. पट्टा, वीट, खुर्ची, भिंत यांची मदत घेऊन आसन करण्याची पद्धत बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यातूनच जगभर नेली, त्यांची संस्था १९७५ पासून तिथे आहे, आणि तिचं मर्म एवढंच की शरीर जिथे पोचत नाही तिथे जमीन वर आणायची. ओढणी झाली पट्टा. वीट म्हणून मी चार जुने दिवाळी अंक एकावर एक ठेवून नाडीने घट्ट बांधलेत, अगदी बरोबर उंची होते.

सूर्यनमस्कार दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घ्या. आपल्याकडे शाळेत रथसप्तमीला घालून घेतात त्यामुळे सगळ्यांना वाटतं येतात. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी त्यांचा एवढा प्रसार केला की मराठी घरात व्यायाम म्हणजे नमस्कारच झाले, पण लहानपणची कंबर आता राहिलेली नाही हे आपण विसरतो. दोनपासून सुरू करा, दर आठवड्याला एक वाढवा, वाकताना गुडघे सैल. बारावर पोचायला अडीच महिने लागतील, लागू देत.

आणि महिन्यातून एकदा तरी कुणातरी शिक्षकाला समोर करून दाखवा. आपल्याकडे त्याला तोटा नाही: सांताक्रूझची योग संस्था १९१८ पासून आहे, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून, स्वामी कुवलयानंदांनी तिथे आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणं लावून तपासायला सुरुवात केली. नागपूरला जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आहे. जवळपास साधा वर्ग असला तरी चालेल, मात्र शिक्षक "आणखी वाका, आणखी" म्हणत पाठीवर दाब देणारा असेल तर दुसरा शोधा.

आता खाड्याचं. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं, त्यावर दुधाचे खाडे आपण मांडतोच, त्याच चौकोनात पेन्सिलने एक रेघ, केलं तर. नाही केलं तर तो चौकोन कोरा. नियम एकच, एक खाडा चालेल, लागोपाठ दोन नाही. पहिल्या खाड्याला अपराधी वाटून घेऊन "आता सोमवारपासून" म्हटलं की संपलं, माझी चारही वेळा तिथेच गेली. लग्नघरी, गणपतीत, गावी, जिथे सतरंजी पसरायला जागा नाही तिथे एसटीच्या सीटवर बसून चार-सहाचे वीस श्वास, रेघ मारायची. पाळीच्या दिवसांत मी पाय भिंतीवर वगैरे करत नाही, उशांचा आधार घेऊन पडते आणि श्वास बघते, तीही रेघ. ताप असेल तर खरोखर काही करू नका.

साधारण तिसऱ्या महिन्यात एक विचित्र गोष्ट होते. अंग मोकळं झालेलं असतं, झोप चांगली लागत असते, म्हणजे चाललंय ते उत्तम, आणि नेमकं तेव्हाच सुटतं. मला वाटायचं हे माझंच आहे. पण पतंजलींच्या योगसूत्रांत साधनेतले नऊ अडथळे मोजलेत, आजार, आळस, संशय वगैरे, त्यातला शेवटचा आहे अनवस्थितत्व, म्हणजे मिळालेल्या जागी न टिकणं. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी यादी आणि तिच्यात आपण! तेव्हा त्या महिन्यात नवीन काहीही सुरू करू नका, आसन वाढवू नका, मोजणी वाढवू नका, फक्त रेघा मारत राहा.

आणि मोठा खाडा पडलाच, आजारपण झालं, घरात कुणाचं दवाखान्याचं निघालं आणि पंधरा-वीस दिवस गेले, तर जिथे सोडलं तिथून सुरू करायचं नाही. सूर्यनमस्कार होते बारा तर आता तीन, प्राणायाम आधी आडवं पडूनच, मोजणी तीन-चारची, आणि जितके दिवस गेले तितके दिवस लागू द्यायचे परत यायला. गेल्या वर्षी माझे बावीस गेले. तेविसाव्या दिवशी सतरंजी धुवायला टाकलेली होती म्हणून चादरीवर पडले, पाच मिनिटंच. सासूबाईंनी दारातून विचारलं, "झोपलीस का गं?"